हिला जेवायला घालू नकोस

सांगलीत मातीला नावं ठेवलेली खपत नाहीत. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात अंगणातल्या चिखलाला वैतागून मी काहीतरी पुटपुटले, तर सासरे म्हणाले, "सूनबाई, ही कृष्णाकाठची माती आहे. हिच्यात वाळकी काडी खोचली तर तीपण फुटते." खोटं नव्हतं ते. इथलं सगळं मातीवरच चाललेलं. हळद तर मातीत येते, आणि काढून, शिजवून, वाळवून झाली की पूर्वी पुन्हा मातीतच जायची. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, मी पाहिली आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता पडून राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते, हे तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक असायचं.

माझं माहेर साताऱ्याचं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं. तिथे कुदळ मारली की वीतभर खाली मुरूम, आणि पुढे खडकाचा खण्ण आवाज. परसात आईने काय लावलं असेल ते सगळं बाहेरून आणलेल्या पाटीभर मातीवर. आणि शहराबाहेर वर चढत गेलं की कास. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर मातीचं जेमतेम एक पांघरूण, तेही जागोजागी फाटलेलं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास आलं आणि मग गाड्यांच्या रांगा लागल्या. त्याआधी आम्ही आत्याबरोबर जायचो ते डबा घेऊन, दुसरं कोणी नसताना. "एवढ्याशा मातीत एवढी फुलं कशी गं?" असं मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "एवढीशीच आहे म्हणून."

तेव्हा मला ते आत्याचं नेहमीचं तिरकं बोलणं वाटलं. पुढे कळलं की त्यात बरंच खरं आहे. जाड माती असती तर उंच गवतं, झुडपं, मग झाडं आली असती आणि ही बोटभर फुलं त्यांच्या सावलीत केव्हाच संपली असती.

तर ही आत्या. तिच्या माडीच्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात एक वेल होती. जाड, गुळगुळीत, हिरवीगार पानं, आणि उन्हाळा लागला की लोंबणारे गुलाबी-पांढरे फुलांचे गेंद. एकेक फूल नखाएवढं, पाच टोकांची चांदणी, मध्ये दुसरी छोटी लालसर चांदणी, आणि सगळं मेणात ओतून साच्यातून काढल्यासारखं. लहानपणी आम्ही ती फुलं खोटी आहेत असं धरून चाललो होतो. आत्या तिला मेणफूल म्हणायची. पुस्तकातलं नाव होया कार्नोसा. नर्सरीवाल्या मुलाने मला पहिल्यांदा "मॅडम, होया" म्हटलं तेव्हा मला "हो, या" असं ऐकू आलं आणि मी आत जाऊन उभी राहिले.

हे नाव एका माळ्याचं आहे, म्हणून मला आवडतं. थॉमस हॉय हे इंग्लंडात ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंडच्या सायन हाउसमधल्या बागेचे मुख्य माळी. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये या वेलींचा वेगळा वंश (जीनस) मांडला तेव्हा ड्यूकसाहेबांना बाजूला ठेवून त्यांच्या माळ्याचं नाव दिलं. कार्नोसा म्हणजे मांसल, ते पानांवरून. दक्षिण चीन, तैवान, दक्षिण जपान या बाजूची ही वेल. होयाच्या जाती आता काही शेकडा मोजल्या जातात, बहुतेक आग्नेय आशियातल्या. एक आपल्या पश्चिम घाटातही आहे, होया वायटी. तिच्या नावातले वाइट म्हणजे मद्रास इलाख्यात कित्येक वर्षं काढलेले वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट. मराठीत 'वायटी' हे नाव वाईट दिसतं खरं, पण त्याला इलाज नाही.

आत्याने मला फांदी दिली ती ओल्या फडक्यात गुंडाळून. सातारा-सांगली एसटीत कराडपर्यंत उभी होते, तरी ती मांडीवरच्या पोरासारखी सांभाळून आणली. निघताना आत्या म्हणाली होती, "हिला जेवायला घालू नकोस." मी "हो" म्हटलं आणि घरी आल्यावर तिला अंगणातली उत्तम काळी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, चिमूटभर निंबोळी पेंड असं साग्रसंगीत ताट वाढलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. महिन्याभरात पानं पिवळी पडली, देठाशी मऊ झाली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटांत धरली की सालीसकट निघून येणारी. आत्याला फोन केला. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. "मला माहीत होतं," म्हणाली. "दुसरी बाटलीत पाण्यात ठेवलीये तेव्हापासून. मुळं फुटलीत. ये घेऊन जा."

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, हे इथे सांगायला जिवावर येतं. अपिवनस्पती हा शब्द मी फळ्यावर किती वर्षं लिहिला असेल. दुसऱ्या झाडावर राहणारी, पण त्याचं काही न खाणारी. खाली लगेच कंसात 'बांडगूळ नव्हे' असंही लिहायचे, कारण परीक्षेत पोरं हमखास तिथे चुकायची. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून त्याचं पाणी पितं. ही वेल सालीला नुसती धरून राहते. पाऊस पडला की मुळं भिजतात, तासाभरात वाऱ्याने कोरडी होतात, पुन्हा भिजतात. फटीत साठलेला पालापाचोळा, पाखरांची विष्ठा, धुकं, एवढ्यावर संसार. हे सगळं मला पाठ होतं. पण कुंडी हातात आली की सासऱ्यांची माती जिंकली. ज्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते ती मी चिकट काळ्या मातीत गाडली आणि वर रोज पाणी ओतून तिथली उरलीसुरली हवाही घालवली. हळदीच्या पेवात माणूस जसा गुदमरतो तशी ती गुदमरली.

दुसऱ्या फांदीला नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, चुलीतला कोळसा असा बिछाना केला. मातीचं नाव नाही. सासरे तेव्हा नव्हते, नाहीतर कुंडीत वीट घालणारी सून त्यांनी माहेरी पाठवली असती. तारेच्या टोपलीत ती वेल सोप्यातल्या झोपाळ्याच्या कडीला टांगली. झोपाळा कधीच काढला होता, कड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तीन वर्षं तिने पानांखेरीज काही दिलं नाही. मग लांबच लांब, एकही पान नसलेल्या, चाबकासारख्या दांड्या सोडायला लागली. ह्यांना त्या अस्ताव्यस्त दिसायच्या. पण ती तिची हातचाचपणी असते. टोक हवेत सावकाश फिरत राहतं, काही सापडलं की त्याला विळखा घालतं, आणि मगच मागून पानं येतात. आधी आधार, मग पसारा. आमच्याकडे तिला कडीची साखळी सापडली.

पहिला गेंद आला त्या वर्षी घरात नुसता उत्सव. आणि फुलं गळाल्यावर ह्यांनी कात्री घेऊन मागे राहिलेला बोडका देठ कापून टाकला. मोगऱ्याला, गुलाबाला करतो तसंच. चांगल्या मनाने केलं, पण मेणफुलाला हे चालत नाही. हिच्या फुलोऱ्याचा देठ एका हंगामापुरता नसतो. त्याच बोटभर खुंटाच्या टोकावर पुढच्या वर्षी पुन्हा कळ्या येतात, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर बहरागणिक खुंट थोडा लांबतो आणि जुन्या फुलांच्या खुणांच्या बारीक कंगोऱ्या त्यावर राहतात. आत्याकडे अनामिकेएवढे खुंट होते. वाळक्या काडीसारखे दिसतात, आणि आपला हात नको तिथे फार नीटनेटका असतो. आमचा खुंट गेला तो गेला. वेलीने नवा करायला आणखी दोन उन्हाळे घेतले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

सांगलीबाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण पावसाळ्यात इथे माणसं एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं?" विचारतात. १९२९ सालचा हा पूल म्हणजे आमची फूटपट्टी. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २००५ मध्ये पाणी त्रेपन्नाच्या पुढे गेलं होतं. हरिपूरची कितीतरी पेवं त्या वेळी पाण्याने भरली, आत ठेवलेल्या हळदीचा लगदा झाला. तेव्हा सगळे म्हणाले, यापेक्षा जास्त काय होणार. या वेळी सत्तावन्न फूट ओलांडली. आम्ही गावभागातलं घर कुलूप लावून सोडलं आणि विश्रामबागेत नणंदेकडे नऊ दिवस काढले.

परत आलो तर दार ढकलून उघडेना, आतून गाळ. पाण्याची रेघ भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर गेली होती. कपाटं फुगून त्यांची दारं एकमेकांत अडकलेली. गाद्या, पोथ्या, माझी शाळेतली तीस वर्षांची टिपणं, सगळ्याला एकच वास. त्या वासाबद्दल मी लिहिणार नाही, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. अंगणात चाळीसेक कुंड्या होत्या. काही तरंगत शेजारच्या कंपाउंडला लागल्या, बाकीच्या जागेवरच गाळाने शिगोशीग भरल्या. गुलाब, जास्वंद, शेवंती, सासऱ्यांचा कढीपत्ता. जमिनीतला पारिजातक उभा दिसत होता, पण तो पुढच्या महिन्यात उभ्याउभ्याच वाळला. मुळांभोवतीच्या हवेची जागा पाण्याने घेतली की काय होतं ते मी एका कुंडीत करून पाहिलं होतं. इथे नदीने ते अख्ख्या गावाला केलं.

आणि झोपाळ्याच्या कडीला मेणफूल होतं तसं लटकत होतं. खाली लोंबणाऱ्या दोन फांद्यांची वीतभर टोकं करड्या गाळाने माखली होती, तिथे वेलीवरसुद्धा पाण्याची रेघ उमटली होती. त्याच्या वर एकही पान मलूल नाही. नऊ दिवस कोणी पाणी घातलं नव्हतं, याचा पत्ताही तिला नसावा. लोकांना अशा वेळी झाडाकडे बघून धीर येतो म्हणतात. मला तिचा राग आला. एवढं सगळं गेलं आणि तुला काहीच कसं झालं नाही? मी तिला तशीच सोडून बादली घेऊन आत गेले. गाळ लागलेली पानं मी ओल्या फडक्याने पुसली ती चार दिवसांनी.

नऊ दिवस पाण्यावाचून राहणं तिला जड नव्हतंच. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या उघड्या दारांतून पाणी उडून जातं. मेणफूल दिवसा दारं लावून बसतं. रात्री गारव्यात उघडतं, मिळालेला वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि सकाळी दारं बंद करून उन्हात त्याचा स्वयंपाक करतं. ही युक्ती पानफुटीतही आहे, आणि ती पहिल्यांदा जिभेने ओळखली गेली ती हिंदुस्थानातच. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं. त्याचं ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. मी सातवीच्या मुलांना शाळेतल्या पानफुटीवर हा प्रयोग करायला लावायचे. मेणफुलाचं पान मात्र चावू नका. खुडलं की पांढरा चीक येतो.

चीक आला की कूळ कळतं. ही रुईची भाऊबंद. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई, कुंपणावर चढणारी हरणदोडी, आणि कासच्या पठारावरचं कंदीलपुष्प, सगळी एका घरची. रुईचं फूलही मेणाचंच वाटतं, मध्ये तसाच कोरीव मुकुट. पाकळ्या आणि पुंकेसर यांच्या मधल्या या जादा नक्षीला मराठी वनस्पतिशास्त्रात तोरण म्हणतात. कोणी दिला हा शब्द कोण जाणे, पण देणाऱ्याने फूल हातात घेऊन पाहिलं असणार.

पुरानंतरच्या वैशाखात, म्हणजे २०२० साली, घरोघरी दारं बंद असताना, वेलीला एकदम सात गेंद आले. बघायला कोणी येऊ शकत नव्हतं. दिवसा त्यांना नावाला वास. रात्री नऊनंतर सोपा भरून जायचा, मध आणि थोडंसं जळकं काहीतरी, दूध उतू गेल्यावर गॅसपाशी येतो तसं. फुलाच्या मध्यावर मधाचे स्वच्छ थेंब जमायचे आणि टपटप फरशीवर पडायचे. सकाळी पाय चिकटायचे, मुंग्यांच्या रांगा लागायच्या. ह्यांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि दुसरं काहीही कापणार नाही असं आपणहून सांगितलं.

झोप येत नव्हतीच. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेलं भिंग पुरात वाचलं होतं, ते आणि टाचणी घेऊन मी रात्री स्टुलावर चढले. पाकळ्यांवर बारीक लव असते, त्यामुळे साखर भुरभुरल्यासारखं दिसतं. तोरणाच्या पाच टोकांच्या मधे पाच अरुंद फटी. फटीत टाचणीचं टोक घालून वर ओढलं की एक कणभर तांबूस चिमटा त्याला धरून बाहेर येतो, आणि चिमट्याला दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या दोन पिवळ्या पिशव्या. परागपुंज. इतर फुलं परागाची भुकटी उधळतात, त्यातली निम्मीअधिक वाया जाते. हे कूळ सगळा माल दोन पिशव्यांत भरून कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा कीटकाच्या पायाला अडकवून देतं. दुसऱ्या फुलाच्या फटीत ती पिशवी बरोबर सरकली तरच काम. नाहीतर काहीच नाही. हिशेब फार कडक आहे. दुबळ्या माशीचा पाय फटीत अडकला तर कधीकधी पाय तिथेच राहतो.

दक्षिण जपानमध्ये अमामी ओशिमा बेटावर संशोधकांनी रात्री जागून पाहिलं की याच होया कार्नोसावर मोठे पतंग येतात आणि हे चिमटे त्यांच्या पायांना अडकून जातात. तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. म्हणजे तो रात्रीचा वास, ते मधाचे थेंब, सगळं त्या पतंगांच्या पत्त्यावर पाठवलेलं. गावभागात ते कुठून येणार? आमच्या वेलीला आजवर शेंग धरलेली नाही. धरली असती तर रुईसारख्याच रेशमी केसांच्या म्हाताऱ्या उडाल्या असत्या. ज्या वेलीला जमिनीवर पडायचंच नाही, फांदीवर जाऊन टेकायचं आहे, तिच्या बियांना हे लागणारच.

या घरचा रॉबर्ट ब्राउनवर मात्र मोठा उपकार. नाव ठेवून वीस वर्षं झाल्यावर ते आमरी (ऑर्किड) आणि रुईच्या कुळांत परागीभवन कसं होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्या कामात आमरीच्या पेशींमध्ये त्यांना पुन्हापुन्हा एक गोल ठिपका दिसला. त्याला त्यांनी न्यूक्लियस म्हटलं. पेशीकेंद्रक. मी ते चित्र फळ्यावर हजारदा काढलं असेल, आणि हे कुणाचं घर धुंडाळताना सापडलं ते मला साठीनंतर कळलं.

गेल्या फेब्रुवारीत भाच्याने मला एक भेट पाठवली. चिमुकल्या कुंडीत बदामाच्या आकाराचं एकच जाड पान, लाल रिबीन बांधलेलं. होया केरी, मूळ थायलंडकडची. फेब्रुवारीत हा धंदा जोरात चालतो. पान मातीत खोचलेलं, खाली मुळंही आलेली. पण मी उलटून पाहिलं तर देठाला खोडाचा तुकडा नाही, म्हणजे डोळा नाही. सांगलीत कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, डोळा नसलेली उसाची टिपरी लावून काय उगवतं? ते पान वर्षानुवर्षं तसंच हिरवं राहील, ना दुसरं पान, ना वेल. फसवणूक म्हणणार नाही, पान खरंच आहे. पण प्रेमाची खूण म्हणून हे कोणाला सुचलं, त्याला एकदा भेटायचं आहे. भाच्याला मी "छान आहे" असं कळवलं. ते अजून खिडकीत आहे, एकटं, टवटवीत.

आत्या आता नाही. गॅलरीतला डबा तिच्या मागे कोणी नेला ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या सूनबाई आल्या. लग्न होऊन वर्ष झालंय, कोकणातली आहे, पूर फक्त ऐकलेला. गेंद बघून थांबली, "काकू, मला एक फांदी द्याल?" म्हणाली. मी दोन डोळ्यांची बघून एक कापली, चीक पुसला, ओल्या फडक्यात गुंडाळली. "हिला जेवायला घालू नकोस हं," म्हणाले. ती हसली, "हो काकू," म्हणाली.

संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं. ती कंपाउंडपाशी उकिडवी बसली होती. पुढ्यात मोठी थोरली कुंडी, काळ्याभोर मातीने काठोकाठ भरलेली, आणि शेजारी तांब्या.

मी खाली आले, दुसरी फांदी कापली आणि बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवली.